यमाचा जबाब

या भगवंतराव, बसा चटईवर. दिवा आत्ताच लावलाय. तेवढं पाण्याचं भांडं मात्र तुमच्या बाजूला सरकवून घ्या. दुपारपासून माझा हात थरथरतोय, चुकून या गाण्यांच्या बाडावर सांडलं तर शाई पसरेल. पोटातही जरा ढवळतंय; कालच्या शिळ्या पिठल्याचा प्रताप असेल. घशाला कोरड पडली की मागेन तुमच्याकडे.

तर तुमच्या नाटकमंडळीच्या विदूषकाला एक हसवणारं पद हवंय. अमरावतीत चौकशी केलीत आणि लोकांनी माझं, या मोरोपंताचं नाव सांगितलं. यमाचं गाणं सगळ्यांना अर्धंच ठाऊक आहे, तुम्ही पुरं न्यायला आलात. सूत्रधार खेळाआधी कवीचं नाव घेईल असंही म्हणालात. बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू? पण पद देण्याआधी थोडं सांगायचं आहे. तुम्ही स्वतः पदं करता, म्हणून तुमच्याजवळच सांगतो. दुसऱ्याची चांगली ओळ ऐकली की पोटात कसं दुखतं, हे पदं करणाऱ्यालाच कळतं.

अमेरिकेत लढाई लागली तेव्हाची गोष्ट. तिकडचा कापूस बंद पडला आणि इथं वऱ्हाडात पांढरं सोनं पिकायला लागलं. मी तेव्हा अकोल्याला एका शेटजींच्या वखारीत कारकून होतो. बांधून आलेल्या गाठींवर काळ्या रंगानं शेटजींची छाप उठवायची, हे माझं काम. ओला कापूस, सरकीसकट दडपलेला कापूस, कुठल्या कुठल्या गावचा कापूस. एकदा आमची छाप बसली की तो आमचा. पहिले काही दिवस मला लाज वाटायची. पुढं हात सरावला.

वखारीबाहेर गाड्यांची रांग लागायची. तीन-तीन दिवस गाडीवान आपल्या नंबरची वाट बघत बसायचे. कंटाळून ते दुसऱ्या वखारीत जाऊ नयेत म्हणून शेटजींनी सूर्यभान शाहिराचा फड हंगामभर ठेवून घेतला होता. दुपारी अंगणात डफ वाजायचा, सूर्यभान गायचा, गाडीवान चुना-तंबाखू मळत ऐकायचे. त्या फडाची गाणी मी करायचो. वृत्त चोख, यमक नेमकं, पुराणांतले दाखले ठासून भरलेले. सूर्यभान ती मोठ्या निष्ठेनं गायचा आणि गाडीवान मोठ्या निष्ठेनं जांभया द्यायचे. मी म्हणायचो, अडाणी आहेत, गाढवाला गुळाची चव काय? नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत.

एके दिवशी हिवरखेडची एक गाडी रांगेत लागली. गाडीवरचा माणूस चाळिशीचा, काळा, लांब मानेचा, कपाळावर देवीचे व्रण. त्याचं नाव नत्थुजी. माझं गाणं संपल्यावर तो उठला आणि सूर्यभानला म्हणाला, "दादा, तो डफ मले देतं का जराक?"

डफ हातात घेऊन तो गाण्याआधीच हसला. ते हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सरकी काढायचा लाकडी चरखा फिरू लागताना जसा कुरकुरतो, तसं ते घशात कुरकुरत सुरू व्हायचं आणि मग एकदम मोकळं सुटायचं. हसून झाल्यावर तो गायला:

"कापसाले भाव आला, बैलाच्या शिंगाले चांदी;
बायको म्हने, दावनीले मले काहून नाही बांधी?"

अंगण फुटलं. गाडीवान एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. आतून शेटजी बाहेर आले. मीही हसलो, भगवंतराव. पोट धरून हसलो. ते मी त्याला कधीच माफ केलं नाही.

त्याची गाडी रिकामी झाली, भावाबरोबर गावी गेली, नत्थुजी मात्र फडात राहिला. त्याला अक्षर येत नव्हतं. सूर्यभान मला म्हणाला, "पंत, तुमी लिवून घेत जा. ह्याच्या डोक्यात रायलं त उडून जाईन." म्हणजे ज्यानं माझी गाणी बंद पाडली, त्याचाच मी लेखनिक झालो. हेच ते बाड. अक्षर सगळं माझं. शब्द एकही माझा नाही.

त्याची रीत ठरलेली होती. गाठीवर टेकून बसायचा, डोळे मिटायचा, मग ते कुरकुरतं हसू यायचं आणि हसण्यापाठोपाठ ओळ. हसू आलं नाही तर ओळही यायची नाही. मी एकदा चिडून विचारलं, "नत्थुजी, तू आधी का हसतोस?"

तो म्हणाला, "पंत, थे ओळ मले आधी दिसते ना. दिसली का हासू येते. मंग तुमाले सांगतो."

मला कधी काही दिसायचं नाही. मी रात्ररात्र यमकं जुळवायचो. एकदा त्याच्या गाण्यातला एक गावंढळ शब्द काढून मी तिथं नीटस शब्द घातला. दुसऱ्या दिवशी त्या ओळीला एकही माणूस हसला नाही. तिसऱ्या दिवशी मूळ शब्द परत घातला आणि गाडीवान गडबडा लोळले. त्या रात्री मी जेवलो नाही.

त्याची आणखी एक रीत होती. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफायचं, ज्याला आपण छाप म्हणतो, ती तो आधी घालायचा नाही. म्हणायचा, "लोकं हासले का मंग नाव टाकू. न हासता नाव टाकलं त थे खोट्या छापीची गाठ होते." म्हणून नवं गाणं लिहिताना मी नावाची जागा कोरी सोडायचो. गाणं गाजलं तरी पुढं त्याला ती भरायची आठवण राहायची नाही, आणि मी काही आठवण करून दिली नाही. एकूण सदतीस गाणी. सदतीस कोऱ्या जागा. बघा उलटून.

मग तो चैत्र आला. अकोल्यात पटकीची साथ पसरली. गाडीवान जुंपून पळाले, शेटजी बायकामुलं घेऊन निघून गेले, सूर्यभानचा फडही उठला. वखारीत राखणीला मी उरलो. आणि नत्थुजी, कारण त्याला उठवतच नव्हतं. भर दुपारी तो गोदामात कापसाच्या ढिगावर पडला होता. उलट्या होऊन गेल्या होत्या. डोळे खोल गेले होते आणि ओठांवर कापसाचे तंतू चिकटलेले. दाराशी माठ होता. दहा पावलांवर.

मला बघून तो म्हणाला, "पंत, पानी द्या ना जरासं."

मी उठलो. खरंच उठलो होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "अन् पंत... एक गानं आलं पाहा."

मी खाली बसलो आणि बाड उघडलं. मरता मरता या माणसाला गाणं सुचतंय आणि मी धडधाकट असून कोरडा. काय वाटलं ते सांगू? आधी गाणं घ्यावं, असं वाटलं. मी म्हणालो, "सांग, मग आणतो पाणी." तो थांबत थांबत सांगू लागला:

"यम आला दारी, म्हने ऊठ, भरली तुही घडी;
म्या म्हनलं, बस ना देवा, कापसाची भरतो गाडी."

"पंत, पानी..."

"एवढं कडवं होऊ दे."

"यम म्हने, कापूस काहाले, तुले न्याचं हाय वर;
म्या म्हनलं, मंग सांगून टाक, वर काय हाय दर?"

मी हसलो. माणूस समोर मरतोय आणि मी हसलो, इतकं ते चांगलं होतं. मग विचारलं, "यम काय म्हणाला? जबाब सांग."

"घसा सुकला, पंत. घरी मैनीले सांगावा धाडा. पानी..."

"जबाब सांग आणि पाणी घे. एकच ओळ राहिली."

पटकीत पाणी देऊ नये असं वैद्य म्हणतात, हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं. त्या वेळी वैद्य माझ्या मनातसुद्धा नव्हता. मनात ओळ होती. नत्थुजीनं डोळे मिटले. घशात ते कुरकुरणं सुरू झालं, मग मोकळं सुटलं आणि तो हसला. नेहमीपेक्षा जोरात हसला. मला कळलं की त्याला ओळ दिसली. मी टाक शाईत बुडवून तयार धरला. शाईचा थेंब कागदावर पडला, हा बघा डाग. ओळ आली नाही. हसू संपलं तसा तोही संपला.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको मैनाबाई हिवरखेडहून चालत आली. रडली नाही. दारात बसून तिनं विचारलं, "जातानी काय बोलले हो?"

"रामनाम घेतलं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "रामनाम? थे त हासत गेले असन. काही सांगून राहिले असन तुमाले. लिवून घेतलं का तुमी?"

"नाही बाई."

बाड माझ्या मांडीखाली होतं. ती उठली आणि माठातलं पाणी ओंजळीनं पिऊन चालायला लागली. जाताना एवढंच म्हणाली, "माठ त भरेल हाये."

साथ ओसरली, गाड्या परतल्या, फडही परत आला. मी बाड उघडून एकामागून एक सदतीस ठिकाणी माझं नाव घातलं. छाप उठवायला सरावलेला हात होता. सूर्यभान अक्षरशत्रू, त्याला म्हटलं, नत्थुजीची गाणी त्याच्याबरोबर गेली, ही माझी नवी आहेत. गाणी त्यानं ओळखली असणार, पण फड चालवायचा होता म्हणून त्यानं डफ उचलला.

पहिला खेळ वखारीतच झाला. भर दुपार, ऊन मी मी म्हणत होतं, अंगणात पाचशे माणूस. सूर्यभान रंगात आला, हशाची ओळ तोंडावर आली, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे कुणीतरी हसलं. घशात कुरकुरत, मग मोकळं. पाचशे माना तिकडे वळल्या. सूर्यभाननं ओळ म्हटली तेव्हा ऐकायला कुणी राहिलंच नव्हतं. ओळ मेली. "कोनी पिऊन आला असन," सूर्यभान म्हणाला, पण त्याचा डफावरचा हात थांबला होता.

पुढचं गाणं, तसंच. दुसऱ्या दिवशी, तसंच. दरवेळी ओळीच्या आधी, जणू त्याला ती दिसतेय. आणि दरवेळी थोडं अलीकडून. कुंपणापलीकडून ते गाड्यांच्या रांगेत आलं, रांगेतून अंगणात. चांदूरच्या बाजारात आम्ही खेळ केला तेव्हा ते पहिल्या रांगेतून आलं, जिथं एक पोतं टाकलेलं होतं आणि त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. सदतीस गाणी माझ्या नावावर झाली आणि त्यांतल्या एकालाही जिवंत माणूस हसला नाही. लोक माना वळवायचे, गप्प व्हायचे, मग एकेक उठून जायचा.

शेवटी सूर्यभाननं डफ गुंडाळला. म्हणाला, "पंत, तुमचं नाव काढून टाका. मी त्याचं नाव घालून गातो. मंग पाहू कोन हासते थे."

मी ऐकलं नाही. नाव काढायचं? त्याचं घालायचं? मी म्हटलं, माझं स्वतःचं गाणं करीन, सगळं माझं, मग बघतो कोण मध्ये हसतं ते. महिनाभर खपून गाणं केलं. सूर्यभाननं जुन्या मैत्रीखातर ते गायलं. मी कान टवकारून बसलो होतो. हशाची ओळ आली. आधी कुणी हसलं नाही. ओळ झाली. नंतरही कुणी हसलं नाही. कुठंही काही नाही, नुसता बैलांच्या रवंथाचा आवाज. मेलेला माणूससुद्धा माझ्या गाण्याला हसला नाही, भगवंतराव. त्या दिवशी मला त्याच्या हसण्याची भीती वाटली नाही, ते न आल्याचा राग आला. एवढा जळफळाट मला तो जिवंत असतानाही झाला नव्हता.

मग लढाई संपली, भाव कोसळले, शेटजींनी वखार बंद केली. मी इथं अमरावतीला आलो. फड नाही, गाणं नाही, म्हणून हसूही नाही. बाड फक्त जवळ ठेवलं. सदतीस गाणी गेली खड्ड्यात. पण हे शेवटचं, यमाचं. मी एकदा वाचून दाखवलेल्या त्याच्या चार ओळी सूर्यभान गात फिरतो, उरलेलं पंतांकडे आहे म्हणून सांगतो, म्हणून ते लोकांना अर्धं ठाऊक झालं. त्याला जबाब लागत नाही. मला लागतो. तो जबाब मी लिहिला तर ते गाणं निदान अर्धं तरी माझं होईल, आणि खरं गाणं तर त्या अर्ध्यातच आहे. वर काय दर, म्हणून शेतकरी विचारतो. यम काय म्हणतो? चार वर्षं मी याच ओळीवर आहे. शेकडो जबाब केले. एकालाही कुणी हसलं नाही. मीही नाही, तोही नाही.

आज दुपारी जेवून इथंच पडलो होतो. दार लावलेलं होतं. उलटी होईलसं वाटलं म्हणून उठलो, भिंतीला टेकलो. आणि खोलीत हसू आलं. घशात कुरकुरत... मग मोकळं. इतक्या जवळून कधीच आलं नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग, भगवंतराव, मला ओळ दिसली. सुचली नाही, दिसली. यमाचा जबाब. किती सोपा होता तो. तुमचा विदूषक तो म्हणेल तेव्हा अख्खा मांडव लोळेल.

आधी आनंद झाला. तो माझ्या ओळीला हसला. चार वर्षांनी का होईना, हसला. मग मनात आलं की तो आधी हसतो ते त्याला ठाऊक असलेल्या ओळीला. मग ही माझी कशी? तेव्हापासून इथं बसून तेवढाच विचार करतोय. आता पोटऱ्यांतही गोळे येतायत.

तुम्ही बाड मांडीवर घेतलंत. टाकही घेतलात. बरं. नावाची जागा तेवढी कोरी सोडा, ते मागाहून बघू.

जरा ते भांडं द्या इकडे. जीभ टाळ्याला चिकटलीय.

...

भगवंतराव, तुमच्या हाताशीच आहे. उजव्या बाजूला. मला उठवत नाही... उठलो असतो तर मीच...

काय म्हणालात?

हो... हो. आधी ओळ. बरोबर आहे. मीही असंच म्हणालो होतो त्याला. असंच, अगदी याच आवाजात. टाक असाच धरला होता. खाली बघा, थेंब पडेल तुमचा.

सांगतो. लिहून घ्या. यम म्हणे...

थांबा. घशात काहीतरी कुरकुरतंय. तुम्ही हसलात का? नाही? मग हे कोण... भगवंतराव, माझं तोंड तर मिटलेलं आहे ना? दिवा वर धरा, माझ्याकडे बघा आणि सांगा... माझं तोंड मिटलेलं आहे ना?